फोन लावला, फोन ठेवला : आपल्या तोंडी आलेल्या शब्दांची गोष्ट



आजच्या भागात आपण फोनच्या शब्दांचा इतिहास ऐकणार आहोत. रिंग, रेंज, रिचार्ज, मिस कॉल, बॅलन्स, ओटीपी. दिवसातून किती वेळा हे शब्द आपल्या तोंडी येतात! आपल्या आजीच्या तोंडी यातला एकही शब्द नव्हता. आईच्या तोंडी दोन-चार आले. आपल्या तोंडी आता पन्नासएक तरी असतील. ते कुठून आले, कुणी आणले, आणि ज्यांना ते वेळेवर कळले नाहीत त्यांचं काय झालं, हे एकदा नीट बघायला हवं. शब्द कळला की वस्तू आपली होते. शब्द कळला नाही, तर वस्तू घरात असूनही परकी राहते, आणि कधीकधी नुकसान करून जाते.

तार, टेलिफोन आणि भगूरचा शब्द

फोनच्या आधी तार होती. हा शब्द आपलाच. खांबांवरून धातूची तार जायची, तिच्यातून निरोप जायचा, म्हणून निरोपालाच लोक तार म्हणू लागले. गावात तार आली की ती उघडण्याआधीच घरात रडारड सुरू व्हायची, कारण तारेनं चांगली बातमी येते यावर कुणाचा विश्वासच नव्हता. ही तारसेवा २०१३ च्या जुलै महिन्यात सरकारनं कायमची बंद केली. आज शाळेतल्या मुलीला तार म्हटलं की कुंपणाची तार आठवते.

टेलिफोनचा शोध अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८७६ मध्ये अमेरिकेत लावला. त्यानंतर सहा वर्षांतच, २८ जानेवारी १८८२ रोजी, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथं टेलिफोन केंद्रं सुरू झाली. अर्थात ती होती साहेबांसाठी, मोठ्या पेढ्यांसाठी आणि कचेऱ्यांसाठी. आपल्या खेड्यांपर्यंत फोन यायला त्यानंतर शंभर वर्षं लागली.

टेलिफोन हा शब्द ग्रीक भाषेतून बनवलेला आहे. ‘टेले’ म्हणजे दूर आणि ‘फोने’ म्हणजे आवाज. आता आपल्या जिल्ह्यातलं भगूर आठवा. देवळाली कॅम्पजवळचं हे गाव विनायक दामोदर सावरकरांचं जन्मगाव. २८ मे १८८३ हा त्यांचा जन्मदिवस. म्हणजे मुंबईत टेलिफोन सुरू झाल्यानंतर दीड वर्षाच्या आत ते जन्मले. पुढं रत्नागिरीला स्थानबद्ध असताना त्यांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली आणि इंग्रजी, फारसी शब्दांना मराठी पर्याय सुचवले. महापौर, दिनांक, चित्रपट हे शब्द त्यांचे मानले जातात, तसाच ‘दूरध्वनी’ही. दूर आणि ध्वनी. ग्रीक शब्दाचे दोन्ही तुकडे जसेच्या तसे मराठीत उतरवलेले.

चित्रपट लोकांनी घेतला. महापौर तर असा घेतला की दुसरा शब्द सुचत नाही. दूरध्वनी मात्र कचेरीच्या पाटीवर, अर्जाच्या रकान्यात आणि लग्नपत्रिकेच्या तळाशी राहिला. मोबाइल आल्यावर ‘भ्रमणध्वनी’ आला, तोही त्याच्या शेजारी जाऊन बसला. बोलताना आपण ‘टेलि’ही गाळला आणि नुसता ‘फोन’ ठेवला. दोन अक्षरी, तोंडात बसणारा. कुठला शब्द टिकेल हे शेवटी रोज बोलणारी माणसंच ठरवतात.

हॅलोच्या जागी काय म्हणायचं?

फोन उचलल्यावर पहिला शब्द कुठला, हा प्रश्न सुरुवातीला खराच पडला होता. बेल यांना ‘अहॉय’ हा शब्द आवडायचा. खलाशी एका जहाजावरून दुसऱ्या जहाजाला साद घालताना तो म्हणत. थॉमस एडिसन यांनी १८७७ मध्ये ‘हॅलो’ सुचवला. लांबच्या माणसाचं लक्ष वेधण्यासाठी ओरडायचा तो शब्द होता, आपण शेताच्या बांधावरून ‘ओऽऽ’ करतो तसा. एडिसनचा शब्द जगभर गेला आणि आपल्याकडंही आला.

पण सगळ्यांनी तो घेतला नाही. इटलीत फोन उचलून ‘प्रोंतो’ म्हणतात, म्हणजे ‘तयार आहे’. स्पेनमध्ये म्हणतात ‘दीगा’, म्हणजे ‘सांगा’. मेक्सिकोतली भाषाही स्पॅनिशच, पण तिथं म्हणतात ‘ब्वेनो’, म्हणजे ‘बरं’ किंवा ‘छान’. असं सांगतात, की सुरुवातीच्या काळात आवाज नीट येत नसे, म्हणून आधी ‘बरं ऐकू येतंय’ एवढं कळवायचं, त्यातून ही सवय पडली.

आपल्या महाराष्ट्रात २ ऑक्टोबर २०२२ पासून सरकारी कार्यालयांत हॅलोऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणावं असं अभियान राज्य सरकारनं सुरू केलं होतं. आपल्या घराघरात मात्र आपापली रीत आहे. कुणी ‘रामराम’ म्हणतं, कुणी ‘जय भीम’, कुणी ‘जय हरी’, कुणी ‘सलाम’. आणि पुष्कळ जणी तर हॅलोच्या मागोमाग म्हणतात, ‘हां, बोला.’ स्पेनमधली बाई ‘सांगा’ म्हणते आणि निफाडची बाई ‘बोला’ म्हणते. दोघींची एकमेकींशी ओळख नाही, पण फोन उचलल्यावर दोघींना सुचलं ते जवळपास एकच.

मधे बसलेली बाई

सुरुवातीला फोन एकमेकांना थेट लागत नसत. मधे केंद्रात माणूस बसलेला असे. आपण त्याला नंबर सांगायचा, मग तो हातानं एक तार दुसरीला जोडून द्यायचा. अमेरिकेत या कामावर आधी तरुण पोरं ठेवली होती. ती ग्राहकांशी उद्धट बोलत, चेष्टा करत. म्हणून १ सप्टेंबर १८७८ रोजी बोस्टन शहरात एमा नट या बाईंना कामावर घेतलं. जगातली पहिली महिला टेलिफोन ऑपरेटर म्हणून त्यांचं नाव घेतात. त्यानंतर हे काम जगभर बायकांचंच होऊन गेलं. आपल्या देशातही मोठ्या शहरांच्या केंद्रांमध्ये कितीतरी बायका कानाला यंत्र लावून दिवसभर दुसऱ्यांचे फोन जोडत होत्या. आवाज बाईचा, श्रम बाईचे. पण स्वतःचा फोन असणारी बाई त्या काळात शोधूनच काढावी लागली असती.

नंबर फिरवायची चकती आली त्यामागंही एक किस्सा सांगतात. अमेरिकेत स्ट्रोजर नावाचा एक माणूस अंत्यसंस्काराचं सामान पुरवायचा. त्याला संशय होता, की केंद्रात बसलेली ऑपरेटर त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या घरातली आहे आणि त्याला आलेले फोन ती तिकडं वळवते. म्हणून त्यानं मधला माणूसच काढून टाकणारं यंत्र बनवलं, आणि १८९१ मध्ये त्याचं पेटंट त्याला मिळालं. मग गोल चकतीत बोट घालून नंबर फिरवायचे फोन आले. ‘जरा फोन फिरव’ हे आपलं बोलणं त्या चकतीचं आहे.

आपल्याकडं परगावी बोलायचं तर पुष्कळ वर्षं ‘ट्रंक कॉल’ लावावा लागे. ट्रंक म्हटलं की आपल्याला लग्नात मिळालेली पत्र्याची पेटी आठवते. इथं मात्र त्याचा अर्थ झाडाचं खोड. एका शहरातून दुसऱ्या शहरात जाणारी मुख्य तार हे खोड, आणि गावातल्या तारा या त्याच्या फांद्या. पोस्टात जाऊन किंवा ज्याच्या घरी फोन आहे त्याच्याकडं जाऊन कॉल नोंदवायचा आणि वाट बघत बसायचं. साधा कॉल कधी लागेल याचा नेम नसे. ‘अर्जंट’ लावला तर लवकर, पण पैसे जास्त. त्याच्याही वरचा ‘लाइटनिंग’, म्हणजे विजेसारखा; तो आणखी महाग.

त्याच काळातली दोन अक्षरं जुन्या लग्नपत्रिकांवर आणि बिलबुकांवर अजून सापडतात : ‘पी. पी.’ नंबराच्या पुढं कंसात पी. पी. लिहिलं असेल तर समजायचं, की हा फोन आमचा नाही, शेजाऱ्यांचा आहे; तुम्ही नाव सांगा, ते आम्हाला बोलावून आणतील. त्या दोन अक्षरांवर केवढी शेजारधर्माची उलाढाल चालायची!

पिवळी पाटी आणि ‘सगळं बरं आहे’

१९६० मध्ये कानपूर आणि लखनौ या दोन शहरांमध्ये देशातली पहिली एसटीडी सेवा सुरू झाली. एसटीडी म्हणजे ऑपरेटरची मदत न घेता स्वतः परगावचा नंबर लावणं. मग प्रत्येक शहराचा कोड आला. मुंबईचा ०२२, नाशिकचा ०२५३. मुलगी मुंबईला दिलेली असली की आईच्या पदराच्या गाठीला कागदावर तो कोड आणि नंबर बांधलेला असायचा.

पण खेड्यात फोन येत नव्हता, त्याचं कारण यंत्रात होतं. परदेशी बनावटीची टेलिफोन केंद्रं मोठ्या शहरांसाठी केलेली, थंडगार खोलीत चालणारी. आपल्याकडचं ऊन, धूळ, वीज जाणं त्यांना सोसत नसे. १९८४ मध्ये सरकारनं सी-डॉट ही संस्था काढली. सॅम पित्रोदा यांचं नाव तिच्याशी जोडलेलं आहे. तिथल्या भारतीय इंजिनिअरांनी खेड्यासाठी छोटं, १२८ जोडण्यांचं, उन्हाधुळीत चालणारं केंद्र तयार केलं. १९८६ मध्ये ते पहिल्यांदा कर्नाटकातल्या कित्तूर इथं बसलं. आपल्या बेळगावच्या पलीकडचं, राणी चन्नम्माचं हे कित्तूर.

त्यानंतर गावोगाव पिवळ्या पाट्या दिसू लागल्या : एसटीडी, आयएसडी, पीसीओ. या अक्षरांचा पूर्ण अर्थ फार थोड्यांना माहीत होता, पण पिवळी पाटी म्हणजे फोन हे सगळ्यांना कळलं. काचेची खोली, आत लाल आकडे पळणारं मीटर, आणि बाहेर रांग. आकडा पळायला लागला की बोलणाऱ्याच्या छातीत धडधड.

आता यातली एक गोष्ट लक्षात घ्या. रात्री उशिरा एसटीडीचा दर उतरायचा. म्हणून कामगार, विद्यार्थी, व्यापारी रात्री रांग लावायचे. स्वस्त वेळ होती ती रात्रीची. रात्री बूथवर जाऊन रांगेत उभं राहणं किती बायकांना शक्य होतं? कागदावर दर सगळ्यांना सारखाच होता, पण ज्यांना अंधार पडल्यावर बाहेर पडता येत नव्हतं त्यांना फोन महागच पडला.

आणि ज्या गावात बूथ नव्हता, तिथं ग्रामपंचायतीत नाहीतर किराणा दुकानात एकच फोन. तिथं निरोप यायचा, ‘अमक्याच्या सुनेच्या माहेरचा फोन आहे, दहा मिनिटांनी परत करतील.’ मग हातातलं काम टाकून पळायचं. दुकानात चार गिऱ्हाइकं, बाकड्यावर दोन म्हातारे, सोबत दीर नाहीतर सासू. पलीकडून आई विचारायची, ‘कशी आहेस गं?’ इकडून उत्तर ठरलेलं : ‘बरं आहे सगळं.’

आमच्या गटांमधल्या मोठ्या बायकांशी या विषयावर बोलताना हे वाक्य आम्ही वेगवेगळ्या तालुक्यांत ऐकलं. पेठमध्ये ऐकलं, सिन्नरमध्ये ऐकलं, येवल्यात ऐकलं. अंगात ताप असला तरी बरं आहे. मार खाल्लेला असला तरी बरं आहे. एक मावशी म्हणाल्या, ‘फोन आला पण बोलणं नाही आलं.’ पुष्कळ आयांनी मग शब्दांच्या मागचं ऐकायला सुरुवात केली. ‘बरं आहे’ म्हणायला लेकीला किती वेळ लागला, आवाज ओला होता का, यावरून त्या ओळखायच्या आणि दोन दिवसांत भावाला पाठवायच्या.

आपला एक आणि इंग्रजी नऊ

फोन समोर आला तरी तो लावता येईलच असं नव्हतं. अडचण होती आकड्यांची. ज्या बायका चौथीपर्यंत मराठी शाळेत गेल्या, किंवा पुढं साक्षरता वर्गात बसल्या, त्या मराठी आकडे शिकल्या. फोनवर मात्र इंग्रजी आकडे. आणि त्यातले दोन फसवणारे. आपला १ दिसतो इंग्रजी नऊसारखा. आपला ४ दिसतो इंग्रजी आठसारखा. नऊच्या जागी एक समजून, आठच्या जागी चार समजून लावलेला नंबर लागणार कसा? तो चुकीच्या घरी लागायचा, पलीकडचा माणूस खेकसायचा, आणि बाई पुन्हा फोनला हात लावायला भ्यायची. घरचे म्हणायचे, ‘तुला नाही जमणार.’ खरं तर तिला वाचता येत होतं. यंत्रावर वेगळी लिपी होती, एवढंच.

अजूनही ज्यांना ही अडचण येते त्यांच्यासाठी एक खूण सांगतो. बटणाच्या फोनवर मधल्या पाचच्या बटणावर एक बारीक उंचवटा असतो. डोळे मिटूनही बोटाला तो लागतो. त्याच्या वर दोन, खाली आठ, डावीकडं चार, उजवीकडं सहा. कोपऱ्यात वर एक आणि तीन, खाली सात आणि नऊ. आठच्या खाली शून्य. हे एकदा बोटाला पाठ झालं की आकडा वाचायची गरजच उरत नाही.

हुकलेली हाक

मोबाइलवरचा देशातला पहिला कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून दिल्लीला दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. तेव्हा एका मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर होता, आणि आलेला फोन उचलला तरी पैसे कापले जायचे. २००३ मध्ये येणारे फोन फुकट झाले. आणि त्यातून आपल्या लोकांनी एक नवी भाषाच काढली : मिस कॉल.

फोन लावायचा, एक रिंग होऊ द्यायची आणि कट करायचा. एक पैसाही लागत नाही, पण निरोप पोहोचतो. ‘घरी पोहोचले की मिस कॉल दे.’ ‘पाणी आलं की मिस कॉल मार.’ एक रिंग म्हणजे निघाले, दोन रिंगा म्हणजे गाडी चुकली, असे घराघरांत संकेत ठरले. लिहायला-वाचायला न येणाऱ्या बाईलाही हे जमत होतं. इंग्रजीत ‘कॉल’ म्हणजे हाक. त्या हिशेबानं मिस कॉल म्हणजे हुकलेली हाक. आपण मात्र हुकलेल्या हाकेलाच हाक केली.

आमच्या एका गटातल्या ताईंची मुलगी नाशिकला कॉलेजात शिकताना स्पॅनिश भाषेच्या वर्गाला जाते. वहीतला फोनचा धडा तिनं एकदा बैठकीत वाचून दाखवला आणि सगळ्यांना गंमत वाटली. स्पॅनिशमध्ये फोन करण्याला ‘यामार’ म्हणतात, म्हणजे हाक मारणं. फोन ठेवण्याला म्हणतात ‘कोल्गार’, म्हणजे टांगणं. कारण जुने फोन भिंतीवर असत आणि बोलून झालं की कानाचा भाग खुंटीसारख्या आकड्याला टांगून ठेवत. आता टांगायला काही उरलं नाही, शब्द मात्र टांगलेलाच आहे. आणि मिस कॉल देण्याला स्पेनमध्ये म्हणतात ‘तोके’ देणं, म्हणजे एक टिचकी देणं. पैसे वाचवायची ही युक्ती तिथंही निघाली होती.

ती वही ऐकताना एक ताई म्हणाल्या, ‘एवढ्या लांबची भाषा, आपल्याला काय तिचं?’ पण ती भाषा वाटते तेवढी लांब नाही. स्पॅनिशची सख्खी बहीण पोर्तुगीज. ती गोव्यात आणि कोकण किनाऱ्यावर चारशे वर्षं नांदली. बटाटा, पाव, चावी, घमेलं, परात, पगार हे शब्द आपल्याला पोर्तुगीजांकडून मिळाले. पैसे चुकते करण्याला स्पॅनिशमध्ये आजही ‘पागार’ म्हणतात. आता पगार परका आहे असं कोण म्हणेल? रोजगार हमीवरची बाई ‘माझा पगार द्या’ म्हणते, तेव्हा त्या शब्दावर तिचा पूर्ण हक्क असतो. जो शब्द आपण कामाला लावतो, तो आपला होतो.

नाव त्यांचं, क्रिया आपली

फोनचे शब्द आपण कसे आपलेसे केले ते बघा. नावं बहुतेक इंग्रजीतून आली, पण क्रिया सगळ्या आपल्या. फोन ‘लावतो’, जसं कुलूप लावतो, दिवा लावतो. फोन ‘लागतो’, जशी विहिरीला पाणी लागतं. फोन ‘उचलतो’, कारण पूर्वी तो उचलावा लागे. फोन ‘ठेवतो’, कारण पूर्वी तो जागेवर ठेवावा लागे. आज हातातला फोन कानावरून हातातच राहतो, तरी आपण म्हणतो, ‘चल, ठेवते गं.’ रिचार्ज ‘मारतो’, मेसेज ‘टाकतो’, मिस कॉल ‘देतो’. रेंज मोजतो काड्यांवर : ‘दोनच काड्या आहेत, गच्चीवर ये.’ सुरगाण्याच्या डोंगरातली बाई जेव्हा म्हणते, ‘टॉवर नाही, टेकडीवर चढून लावते,’ तेव्हा त्यातला टॉवर इंग्रजी असला तरी वाक्य तिचंच असतं.

यंत्रातून जो आवाज येतो त्याची भाषा मात्र अजून पुस्तकी आहे. ‘संपर्क क्षेत्राबाहेर’ ऐकलं की पुष्कळ आया घाबरतात, लेकराला काही झालं की काय म्हणून. त्याचा अर्थ एवढाच, की त्याच्या फोनला रेंज नाही. ‘व्यस्त’ म्हणजे तो दुसऱ्या कुणाशी बोलतोय. ‘बंद’ म्हणजे फोन बंद केलाय किंवा चार्जिंग संपलंय. ‘प्रतिसाद नाही’ म्हणजे रिंग वाजतेय पण कुणी उचलत नाही. हे चार अर्थ घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा समजावून सांगा. अर्धी काळजी कमी होते.

शब्द न कळण्याची किंमत

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तिच्यानुसार देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के बायकांकडं स्वतः वापरायचा मोबाइल होता. ग्रामीण भागात हे प्रमाण निम्म्याहूनही कमी होतं. आज गटातल्या पुष्कळ जणींच्या हातात फोन आहे. गटाचा हप्ता, योजनेचे पैसे, बँकेचा मेसेज सगळं त्यावरच येतं. आणि त्याच वाटेनं चोरही येतो.

आमच्या एका गटाच्या कोषाध्यक्ष ताईंना फोन आला. पलीकडचा माणूस गोड बोलत होता. ‘ताई, खात्याचं केवायसी संपलंय, आज खातं बंद होईल. तुमच्या फोनवर ओटीपी आलाय, तेवढा द्या.’ ताईंनी विचारलं, ‘ओटीपी म्हणजे काय?’ तो म्हणाला, ‘काही नाही, आत्ता मेसेजमध्ये आलेला नंबर.’ ताईंनी वाचून दाखवला. हप्त्यासाठी जमवलेले पैसे गेले. त्यांच्या मुलानं त्याच तासात १९३० ला फोन केला, म्हणून काही रक्कम रोखली गेली. ताई हुशार आहेत, हिशेबात पैशाची चूक नाही. त्यांना एक शब्द माहीत नव्हता, आणि त्याचा अर्थ त्यांना चोरानंच शिकवला.

म्हणून या शब्दांनाही आपण आपल्या क्रिया जोडूया. ‘ओटीपी दे’, ‘ओटीपी सांग’ असं बोलण्याची सवयच मोडूया. ओटीपी म्हणजे एकदाच चालणारी किल्ली. ती सांगायची नसते. आपण स्वतः सुरू केलेल्या व्यवहारात, आपल्याच बोटानं टाकायची असते. पिन म्हणजे कपाटाची कायमची किल्ली. तो झाकून दाबायचा. पैसे पाठवताना पिन लागतो. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. ‘पैसे जमा करतो, पिन टाका’ म्हणणारा चोर समजायचा. केवायसी म्हणजे बँकेनं आपली ओळख तपासणं. ते काम शाखेत जाऊन किंवा ओळखीच्या बँक सखीकडून विचारून करायचं, अनोळखी फोनवर नाही. लिंक म्हणजे दार; कुणी पाठवलेलं दार उघडण्याआधी पलीकडं कोण आहे ते बघायचं. आणि ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणून कुणी पोलिसाच्या वेशात व्हिडिओवर धमकावलं, तर फोन ठेवायचा. फोनवरून अटक करण्याची सोय आपल्या कायद्यात नाही.

आणि काही नंबर पाठच हवेत. संकटात पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका यांसाठी ११२. रुग्णवाहिकेसाठी १०८. बाईवर अत्याचार होत असेल तर १८१. मुलांसाठी १०९८. पैशांची फसवणूक झाली तर १९३०, आणि तोही लगेच, लाज न बाळगता. जेवढा उशीर तेवढे पैसे पुढं सरकतात.

पुढच्या बैठकीसाठी एक काम देतो. गटाच्या वहीत एक पान फोनच्या शब्दांसाठी राखा. प्रत्येकीनं तिला न कळणारा एक शब्द सांगायचा, आणि गटानं मिळून त्याचा अर्थ आपल्या बोलीत लिहायचा. अहिराणीत लिहा, कोकणीत लिहा, भिलीत लिहा, जशी बोलता तशी. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी चित्र काढावं : ओटीपीपुढं किल्ली, लिंकपुढं दार. खाली पाच नंबर मोठ्या आकड्यांत, मराठीत आणि इंग्रजीत, दोन्ही लिपींत. पान भरलं की घरातल्या सासूला, लेकीला वाचून दाखवा.

आणि आज संध्याकाळी लेकीला फोन कराल, तेव्हा ती ‘बरं आहे’ म्हणाली की तिला एकदा विचारा, ‘शेजारी कुणी आहे का? असेल तर ठेव. एकटी असशील तेव्हा मिस कॉल दे, मी लावते.’